प्रौढांतील अवधान-न्यूनता आणि उत्तेजक औषधांचे व्यसन : वैद्यांच्या दृष्टीने काही विचार

गेल्या काही वर्षांत वैद्यांकडे येणाऱ्या तिशी-चाळिशीतील रुग्णांच्या तोंडी एक नवा शब्द वारंवार येऊ लागला आहे. 'वैद्यराज, मला ए.डी.डी. आहे,' असे सांगत ते समोर बसतात. निदान त्यांनी स्वतःच केलेले असते, त्याला आधार भ्रमणध्वनीवर सोडविलेल्या एखाद्या प्रश्नावलीचा असतो, आणि मागणी असते ती 'बुद्धीच्या औषधाची'. दुसरा एक वर्ग आहे. तो संख्येने लहान, परंतु अधिक चिंतेचा. परदेशात अथवा आपल्याकडील महानगरांत मनोविकारतज्ज्ञांकडून रीतसर निदान होऊन हे रुग्ण उत्तेजक गोळ्या घेत असतात. त्या गोळ्या आता सुटत नाहीत म्हणून, किंवा 'सवय लागेल' या धास्तीने घरच्यांनी त्या एकाएकी बंद करविल्या म्हणून, ते आयुर्वेदाकडे वळतात.

या दोन्ही प्रकारच्या रुग्णांना ब्राह्मीवटी देऊन वाटेला लावणे सोपे आहे. परंतु पहिल्याला कदाचित कोणत्याच औषधाची गरज नसते आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात असू शकतो. हा भेद ओळखावयाचा तर या औषधांचे व्यसन नेमके कशात असते हे जाणून घेणे आवश्यक आहे. आमच्या मते ते द्रव्यात जितके असते तितकेच मात्रेत, मार्गात आणि वेगात असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

व्याधीचे स्वरूप

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत १९८० साली 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव प्रथम आले. १९८७ साली त्यात 'हायपरअॅक्टिव्हिटी' हा शब्द जोडला गेला आणि आजचे ए.डी.एच.डी. हे नाव रूढ झाले. लोकव्यवहारात जुने नावही टिकून आहे. दीर्घकाळ हा केवळ बालकांचा व्याधी मानला जात असे. मूल मोठे झाले की तो आपोआप शमतो अशी समजूत होती. पुढे असे दिसून आले की धावपळ व उड्या मारणे वयाबरोबर कमी होते, परंतु अवधानाची अस्थिरता पुष्कळांत तशीच राहते. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने प्रौढांसाठी निकष थोडे शिथिल केले. नऊ लक्षणांपैकी सहाऐवजी पाच पुरेशी ठरली; मात्र लक्षणांचा आरंभ वयाच्या १२ वर्षांपूर्वी झालेला असला पाहिजे, आणि घर व कामाचे ठिकाण अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा उपद्रव दिसला पाहिजे, ही अट आहे. प्रौढांमध्ये या व्याधीचे प्रमाण सुमारे अडीच टक्के मानले जाते.

यातील बारा वर्षांची अट वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. प्रौढपणी एकाएकी चित्त अस्थिर झाले असेल तर तो बहुधा दुसराच काही विकार असतो. थायरॉइडचे विकार, पांडुरोग, नैराश्य, चिंता, मद्य व गांजा, झोपेत घोरणे व श्वास अडकणे, या सर्वांत अवधान ढळते. त्याहूनही सामान्य कारण म्हणजे जागरण. रात्री दोन वाजेपर्यंत पडद्याकडे पाहत बसणाऱ्याचे मन सकाळी अकराच्या बैठकीत स्थिर राहत नसेल, तर त्याला व्याधीचे नाव देण्याचे कारण नाही. आम्ही अशा रुग्णांना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके घेऊन येण्यास सांगतो. वर्गशिक्षकांच्या शेऱ्यांत 'हुशार आहे, पण लक्ष नसते' हे वाक्य चौथीपासून दहावीपर्यंत दरवर्षी सापडले, तर ती माहिती कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाची असते. आई-वडील हयात असल्यास त्यांनाही अवश्य विचारावे.

आयुर्वेदात या व्याधीला काय म्हणावे, हा प्रश्न संघाच्या चर्चासत्रांत हमखास निघतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे जे ऐंशी नानात्मज विकार गणले आहेत, त्यांत 'अनवस्थितचित्तत्व' हा एक आहे, आणि तो 'अस्वप्न' म्हणजे निद्रानाशाच्या शेजारीच येतो. हे सान्निध्य आम्हांस अर्थपूर्ण वाटते. विमानस्थानात वातप्रकृतीच्या पुरुषाचे वर्णन करताना त्वरित आरंभ करणे, त्वरित ग्रहण करणे आणि अल्पस्मृती असणे ही लक्षणेही सांगितली आहेत. तथापि केवळ शब्दसाम्यावरून अमुक आधुनिक व्याधी म्हणजेच तमुक ग्रंथोक्त व्याधी असे ठोकून देण्याची जी घाई आपल्याकडे होते, ती आम्हांस मान्य नाही. प्रकृती ही व्याधी नव्हे. आणि या रुग्णांना उन्मादाच्या प्रकरणात बसविणे तर सर्वथा अनुचित होय. त्यांची बुद्धी, संज्ञा व आचार शाबूत असतात, केवळ मन एका विषयावर टिकत नाही.

सोमकल्पापासून गोळीपर्यंत

उत्तेजक औषधे ही 'परकीय रसायने' असून आपल्या वनस्पतींशी त्यांचा काही संबंध नाही, असा समज वैद्यवर्गात आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. हिमालयात मिळणारी आणि तमकश्वासात सोमकल्प या नावाने वापरली जाणारी एफेड्रा ही वनस्पती आपल्या परिचयाची आहे. ती वेदांतील सोम होय की नव्हे, हा वाद येथे नको. तिच्याच चिनी भगिनीतून, मा-हुआंगमधून, १८८५ साली नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने एफेड्रिन हे सत्त्व वेगळे काढले, आणि १८९३ साली त्याच एफेड्रिनपासून मेथअॅम्फेटामिन तयार केले. अॅम्फेटामिन त्यापूर्वीच, १८८७ साली, बर्लिन येथे लाझार एडेलेआनू याने बनविले होते; परंतु त्याचा औषधी उपयोग कोणास ठाऊक नव्हता. तो पुढे आला तो १९२० नंतरच्या दशकात, गॉर्डन अॅलेस हा अमेरिकी संशोधक दम्यासाठी एफेड्रिनला पर्याय शोधीत होता तेव्हा. म्हणजे श्वासरोगाच्या औषधाचा पाठपुरावा करता करता हाती लागलेले हे द्रव्य आहे.

१९३७ साली ऱ्होड आयलंड राज्यातील बालकांच्या एका मनोरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली या वैद्यकाने तीस मुलांना बेंझेड्रिन म्हणजे अॅम्फेटामिन दिले. कंबरेतून द्रव काढून केलेल्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, त्यावर उपाय म्हणून हे द्रव्य त्याने योजिले होते. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही. मात्र जवळजवळ निम्मी मुले शाळेत मन लावून अभ्यास करू लागली. मेथिलफेनिडेट हे दुसरे महत्त्वाचे द्रव्य १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लेआन्द्रो पानिझोन याने बनविले. 'रिटालिन' हे त्याचे व्यापारी नाव त्याने आपल्या पत्नीच्या, मार्गेरिटच्या, 'रिटा' या लाडक्या नावावरून ठेवले. १९९६ साली अमेरिकेत आलेली 'अॅडेरॉल' ही तर पूर्वी 'ओबेट्रॉल' या नावाने स्थौल्यावर विकल्या जाणाऱ्या गोळीचीच वंशज आहे. भूक मारणे हा अॅम्फेटामिनचा गुण त्या काळी औषध म्हणून विकला जाई. आज तोच गुण दुष्परिणामांच्या यादीत मोडतो.

या द्रव्यांचा धोका नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने 'पर्विटिन' आणि जपानने 'फिलोपॉन' या नावांनी मेथअॅम्फेटामिन आपल्या सैनिकांना दिले. युद्धानंतर जपानमध्ये त्याचे व्यसन इतके पसरले की १९५१ साली स्वतंत्र कायदा करून ते रोखावे लागले.

व्यसन वेगात असते

मेथिलफेनिडेट व अॅम्फेटामिन ही दोन्ही द्रव्ये मेंदूतील डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन यांचे कार्य वाढवितात. मेथिलफेनिडेट ही द्रव्ये पेशींत परत शोषली जाण्याचा मार्ग अडविते, तर अॅम्फेटामिन ती पेशींतून अधिक प्रमाणात बाहेरही ढकलते. कोकेनचे कार्यही याच मार्गाने होते. मग एकच द्रव्यवर्ग कोणास औषध व कोणास विष का ठरतो? नोरा व्होल्कोव्ह यांच्या मेंदूचित्रणावर आधारित अभ्यासांनी याचे उत्तर दिले आहे. मेथिलफेनिडेट शिरेतून दिले तर ते आठ-दहा मिनिटांत मेंदूत उच्च पातळी गाठते आणि मद उत्पन्न होतो. तेच गोळीच्या रूपाने पोटात घेतले तर त्याला एक ते दीड तास लागतो. आणि पातळी तितकीच वाढली तरी मदाची संवेदना क्वचितच येते.

मदात्यय चिकित्सेचे अध्ययन केलेल्या वैद्यास हे नवीन वाटू नये. चरकांनी मद्याचे जे दहा गुण सांगितले आहेत त्यांत तीक्ष्ण, सूक्ष्म, आशुग, व्यवायी व विकाशी हे पाच वेगाचे व प्रसाराचे गुण आहेत, आणि ते ओजाच्या मृदु, स्थिर, प्रसन्न आदी दहा गुणांच्या विरुद्ध पडतात. मद उत्पन्न होतो तो या विरोधातून. उत्तेजक गोळी कुटून तिची पूड नाकाने ओढणारा महाविद्यालयीन तरुण नकळत तिच्या आशुग गुणाची वृद्धी करीत असतो. सावकाश विरघळणाऱ्या, आठ ते बारा तास काम करणाऱ्या गोळ्या याच कारणास्तव प्रचारात आल्या. साधी गोळी तीन-चार तासांत उतरते आणि ती उतरताना जी ग्लानी येते ती दुसऱ्या गोळीकडे हात नेते.

आता संख्येकडे पाहू. २०१५ व २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख प्रौढांनी वर्षभरात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी उत्तेजक औषधे घेतली. त्यांतील सुमारे ५० लाख जणांनी त्यांचा गैरवापर केला, आणि सुमारे ४ लाख जणांत व्यसनाचा विकार आढळला. गैरवापर करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी कारण सांगितले ते नशेचे नव्हे, तर जागे राहण्याचे वा एकाग्रतेचे. आणि गोळी त्यांना मिळाली ती मुख्यत्वे मित्र वा नातेवाईक यांच्याकडून, फुकट. परीक्षार्थी आणि मुदतीत काम संपविणारा नोकरदार हाच येथील खरा ग्राहक आहे. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने या संपूर्ण वर्गाच्या औषधांवरील चौकटीतील इशारा अधिक कडक केला, त्यात गोळ्या दुसऱ्यास देण्याच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. लहानपणी रीतसर निदान होऊन देखरेखीखाली ही औषधे घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचे प्रमाण वाढते असे संकलित अभ्यासांत दिसलेले नाही. उलट, हा व्याधी असलेल्यांत मद्य व इतर व्यसनांकडे कल मुळातच अधिक असतो. म्हणून 'ही इंग्रजी गोळी म्हणजे गांजाच' असे सांगून रुग्णाची चालू चिकित्सा तोडणारा वैद्य त्यास व्यसनापासून वाचवितोच असे नाही. आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींना हे विधान रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

इतर उपद्रव थोडक्यात असे : भूक मंदावणे, निद्रानाश, नाडी व रक्तदाब वाढणे, आणि क्वचित संशय, भास. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, ही औषधे नव्याने सुरू केलेल्या किशोर व तरुणांपैकी साधारण ६६० जणांत एकास असा मनोविकार उद्भवला, आणि अॅम्फेटामिन घेणाऱ्यांत त्याचे प्रमाण मेथिलफेनिडेटच्या जवळपास दुप्पट होते.

एक रुग्णवृत्त

रुग्ण पुरुष, वय ३६, संगणक अभियंता, सात वर्षे अमेरिकेत नोकरी करून पुण्यास परतलेला. वडिलांनी आणले. तक्रार : 'दिवसभर झोपतो, खा-खा सुटली आहे, कामाचे नाव काढले की चिडतो. परदेशात राहून आळशी झाला आहे. मेंदूचे टॉनिक द्या.'

पृच्छेत कळले ते असे. तिकडे चार वर्षांपूर्वी निदान होऊन अॅडेरॉल १० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा सुरू झाले. पहिले वर्ष उत्तम गेले. पुढे कामाचा ताण वाढला तशी एक गोळी जास्त, मग रात्री जागण्यासाठी आणखी एक. महिन्याची गोळी वीस दिवसांत संपू लागली, तेव्हा सहकाऱ्याकडून उसनी. परतण्यापूर्वी मात्रा दिवसाला ६० मिलिग्रॅमवर गेली होती. भारतात हे औषध मिळत नाही. सोबत आणलेला साठा संपला त्याला नऊ दिवस झाले होते.

म्हणजे वडील ज्याला आळस म्हणत होते ती उत्तेजक औषध सुटल्यानंतरची अवस्था होती. अतिनिद्रा, अतिक्षुधा आणि विषाद ही तिची त्रयी होय. यात विषादाची पृच्छा टाळता कामा नये. आम्ही सरळ विचारले, 'जगू नये असे मनात येते का?' 'रोज,' रुग्ण म्हणाला. वडिलांना हे ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन, वडिलांनी सोबत जावे आणि काही दिवस त्यास एकटे सोडू नये अशा सूचनेसह पाठविले. तेथे प्रथम नैराश्याची चिकित्सा झाली. शाळेतील इतिहास पाहता मूळ व्याधीही खरा असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले, आणि सुमारे तीन महिन्यांनी अॅटोमॉक्सेटीन हे उत्तेजक नसलेले, चार-सहा आठवड्यांनी गुण दाखविणारे औषध सुरू झाले. आमच्याकडे निद्रा व आहार यांचे नियमन, अभ्यंग आणि पुढे क्षीरबला तैलाने शिरोधारा असा क्रम राहिला. सकाळी ठरलेल्या वेळी उठणे, उन्हात चालणे, दुपारची झोप हळूहळू तोडणे, तूप-मुगाचे साधे जेवण. एवढ्यानेच पहिल्या दोन महिन्यांत दिनचर्येला घडी बसली. वर्षभराने रुग्ण नोकरीत आहे. किल्ल्या अजूनही हरवतात. कामाची यादी भिंतीवर लावतो आणि पत्नी ती संध्याकाळी तपासते.

या वृत्तातून एक गोष्ट पुढे येते ती अशी की खरा व्याधी आणि खरे व्यसन ही एकाच रुग्णात एकत्र नांदू शकतात. रुग्णास अमुक आहे म्हणजे तमुक नसणारच, असे गृहीत धरता येत नाही.

चिकित्सेतील काही सावधगिरी

असात्म्य वा अहितकर सवय सोडविण्याचा पादांशिक क्रम चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. एकदम तोडू नये, पावापावाने कमी करावे आणि त्या जागी हितकर गोष्टीचा पावापावाने अभ्यास करावा, हा त्याचा गाभा. उत्तेजक औषधाची मात्रा मात्र वैद्याने स्वतः कमी करीत जाऊ नये. ती ज्याने सुरू केली त्या तज्ज्ञानेच ठरवावी. 'त्या जागी हितकर गोष्टीचा अभ्यास' हा भाग आपला आहे, आणि तो दुय्यम मुळीच नाही.

सर्पगंधेबद्दल स्पष्ट लिहावेसे वाटते. निद्रानाश दिसला की सर्पगंधा घनवटी लिहिण्याची सवय आपल्यात दृढ आहे. सर्पगंधेतील रेसर्पिन मेंदूतील डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन व सेरोटोनिन यांचा साठा रिता करते. उत्तेजक गोळी सुटल्यावर जो रुग्ण आधीच विषादात आहे त्यास सर्पगंधा देणे म्हणजे विषाद वाढविण्यास निमंत्रण होय. तेथे ती वर्ज्य समजावी.

उत्तेजक गोळी चालू असलेल्या तमकश्वासाच्या रुग्णास सोमकल्प देऊ नये, कारण दोहोंनी नाडी व रक्तदाब वाढतो. चार मेध्य रसायनांपैकी यष्टीमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढविते आणि शरीरातील पोटॅशियम घटविते. अशा रुग्णात त्याऐवजी मंडूकपर्णी, गुडूची वा शंखपुष्पी यांचा विचार करावा आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. चहा-कॉफीचे कप मोजण्यास विसरू नये. मेध्य द्रव्ये प्रौढांतील या व्याधीत उत्तेजक औषधांची जागा घेतात, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही. रुग्णास तसे आश्वासन देऊ नये. ही द्रव्ये बलासाठी, निद्रेसाठी, स्मृतीसाठी साहाय्यक म्हणून द्यावीत आणि तसेच सांगावे.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. मेथिलफेनिडेट हे आपल्याकडे औषध नियमांच्या 'अनुसूची एक्स'मध्ये आहे आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली मनःप्रभावी द्रव्यांतही मोडते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेत्यास दोन वर्षे जपून ठेवावी लागते. बारावीच्या परीक्षेसाठी पाल्यास 'ती अमेरिकेतली गोळी' मिळवून देता का, असे विचारणारे पालक आमच्याकडे येऊन गेले आहेत. नातेवाइकाने परदेशातून आणून घरातल्यांत वाटलेली एकेक गोळीही या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागते. घरात असा साठा असल्यास तो कुलपात ठेवण्यास, गोळ्या मोजून ठेवण्यास आणि त्यांचा हिशेब रुग्णाव्यतिरिक्त एका व्यक्तीने पाहण्यास सांगावे. विषादाची शंका आली आणि गावात मनोविकारतज्ज्ञ नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली 'टेली-मानस' ही शासकीय विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक आम्ही चिठ्ठीच्या कागदावरच छापून घेतला आहे.